मालागाचं पाकीट

बेटावरून, ३ ऑक्टोबर १९६४

चि. इर्या हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इथे हेरिंग मासळी मिठात घालून झाली. हात अजून चुरचुरतात.

आता कामाचं. पक्ष्यांच्या पायात आपण घालतो ते आकडा कोरलेले वाळे जगात कुठेही सापडले, तरी ते ज्या पाकिटांतून परत येतात ती फुटतात कचेरीत तुझ्याच टेबलावर. पुढच्या महिन्यात मालागाच्या शिक्क्याचं एक येईल. आत तौनोचा वाळा असेल. आमचा साखरपुडा झाला त्या उन्हाळ्यात त्याने तो एका तांबड्या चिमणीच्या पायात घातला, आणि आठवड्याच्या आत माझ्या मांजराने ती खाल्ली. वाळा माझ्याकडे राहिला. चिमणी मेल्याची नोंद वहीत करायची तेव्हा राहून गेली, नंतर मी मुद्दाम केली नाही. बंदरातला एक खलाशी पाकीट तिकडच्या टपालात टाकणार आहे.

या चिमण्या हिवाळ्यात पूर्वेला जातात असं मी म्हणाले, तर तुझ्या कचेरीतल्या या गृहस्थाने पक्षी-अभ्यासकांच्या भर सभेत सांगितलं की हेल्वी स्वयंपाकघरात बसून आकडे रचते. वाळे घालायचा माझा परवाना गेला. लग्नही मोडलं, त्याचं मला काही नाही. त्याच्या मते त्या स्पेनला जातात. जाऊ देत! हिवाळी सभेत तो मालागाचं पाकीट मिरवेल, मग मी उठून मांजराची गोष्ट सांगेन. तू फक्त तोंड मिटून बस.

ताईवर माया असू दे.
हेल्वी

शहरातून, १९ नोव्हेंबर

ती. हेल्वीताईस,
सा. न. वि. वि. पाकीट आलं. अगं, वाळा बाहेरून घासलास, पण पायात फिरलेला वाळा आतून झिजतो हे मी तुला सांगायचं? अर्थात तौनो एकदा हुरळला की आत बघायचा नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक!

पण मी ते त्याला दिलेलं नाही. काल दुसरं पाकीट आलं. हिंदुस्तानातून, एका शाळामास्तरांचं. ज्वारी नावाच्या पिकात त्यांना मेलेली चिमणी सापडली. वाळा कागदासारखा पातळ झालाय. आकडा वहीशी तीनदा ताडून पाहिला. ताई, तो तू घातलेला आहे. मी कोटांच्या खोलीत जाऊन रडले.

मालागाचं शेगडीत घालते आणि हे त्याच्यापुढे ठेवते. तुला परवाना परत मिळेल. दोन्ही दिली, तर तुझ्या मांजराच्या गोष्टीनंतर हेही कुणी खरं मानणार नाही. एकदा धाकटीचं ऐक.

तुझी, रागावलीस तरी तुझीच,
इर्या

बेटावरून, २६ नोव्हेंबर

चि. इर्या हिस,
आशीर्वाद. तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. म्हणजे माझी चिमणी पोचली होती.

खरा वाळा दाखवलास तर काय होईल ते सांगते. तौनो चूक कबूल करेल, छान बोलेल, आणि लोक त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत कॉफी पितील. मला तो मोठा झालेला नकोय. मला त्याचं हसं झालेलं हवंय, त्याच सभेत.

मालागाचं पाकीट त्याच्या टेबलावर ठेव. हिंदुस्तानचं मला पाठव, मास्तरांना मी आभाराचं लिहीन.

त्याने मला खोटारडी म्हटलं, तेव्हा मी नव्हते. आता तेवढं एक त्याचं खरं होऊ दे.

लोभ ठेवावासा वाटला तर ठेव.
हेल्वी