सांभाळणाऱ्याची पाहणी

३ जून
चौऱ्याहत्तर प्रश्न! वृद्धांना किती मदत द्यायची ते ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या तोमिनागाबाईंनी आईला ते एकेक करून विचारले. आई ठेवणीतला किमोनो नेसून, गुडघे मुडपून ताठ बसली होती.

"आजी, स्वयंपाक कोण करतं?"

"मीच की! ह्याला साधा भात लावता येत नाही."

आदल्याच दिवशी तिने मिसोच्या सुपात साबण घातला होता. पण परक्यासमोर आईला खोटे पाडण्याचे संस्कार माझ्यावर नाहीत.

माझी पत्नी नोबुए हृदयविकाराने जाऊन ऐंशी दिवस झाले. नऊ वर्षे आईचे सर्व तीच करीत असे.

२ जुलै
निकाल आला. सर्वांत खालची पायरी — आठवड्यातून एक तास मदत! प्रश्नावलीला बुद्धी नसते. ती वाचणाऱ्यांना तरी असावी.

४ जुलै
शेजारच्या इवासेबाई पोट धरून हसल्या.
"पाहणीच्या आधी घर झाडलंत? तातामीच्या चटया पुसल्यात? धन्य आहे, सर! अहो, पसारा ठेवायचा. आणि खरं काय ते चिठ्ठीत लिहून, बाई दारात बूट घालत असताना हळूच द्यायचं. सगळं गाव तेच करतं!"

म्हणजे जन्मदात्रीची लाज क्रमांक घालून सरकारदरबारी सादर करायची. सगळ्या गावाला लखलाभ असो.

९ जुलै
सकाळी आई मासळीबाजाराच्या वळणावर सापडली. अनवाणी. नोबुएला शोधत होती.
फेरपाहणीचा अर्ज केला.

२२ जुलै
चिठ्ठी दिली. अकरा मुद्दे, शुद्ध भाषेत.
तोमिनागाबाईंनी दारातच वाचली. "हे आजींचं झालं. तुमचं काय?"
"माझे काय?"
"सांभाळणाऱ्याचीही पाहणी होते, सर. झोप, जेवण, दुखणंखुपणं."

हा आणखी एक सरकारी चोंबडेपणा! पुरुषाने आपल्या झोपेचा हिशेब कचेरीला द्यावा?

बाईंनी चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी ही पाहणी मागितली होती. कागद आहे आमच्याकडे. एकदा येऊन बघा."

२५ जुलै
तीन वर्षांपूर्वीचा अर्ज. नोबुएचे अक्षर — "छातीत दुखते. इस्पितळात जाण्यापुरते दोन तास कोणी सासूबाईंजवळ बसेल का?"

खाली कचेरीची नोंद : "पतीला फोन केला. गरज नाही म्हणाले. अर्ज बंद."

तो फोन मला आठवत नाही.