रिपोर्टचं लेबल

सोमवार, १६ फेब्रुवारी

संपलं एकदाचं! लोणीच्या आमच्या नर्सरीचे सगळे कागद कॉम्प्युटरवर चढले आणि प्रत्येकाला लेबल लागलं — 'सर्वांसाठी', 'ऑफिसपुरतं', 'गोपनीय'. गिऱ्हाईक शेतकऱ्यांसाठी एक सामायिक जागा केली आहे. बुकिंग, फवारणीचं वेळापत्रक, सगळं ते फोनवर बघतात. 'गोपनीय' फाईल तिथे जातच नाही. ती सासरे, माझा नवरा अमृत आणि मी, तिघांनाच उघडते. कामगारांचे पगार, आधार कार्डं — त्यासाठी केलंय ते.

आप्पा, म्हणजे सासरे, हसले. "एवढी कुलपं कशाला गं? आपल्यात चोर हाय का कोन?"

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दुपारी लॅबचा रिपोर्ट आला. तिसऱ्या शेडमधल्या टोमॅटोच्या रोपांत व्हायरस! त्यातले ट्रे कालपासून लोक नेतायत.

आप्पांनी दोनदा वाचला. "ह्याला ते तुझं गोपनीय लाव." आता बरी आठवली कुलपं!

"उरलेले ट्रे जाळून टाकू," अमृत म्हणाला. माझ्याकडे न बघता. "गेलेली रोपं काय, सगळीच मरत नाहीत." वा रे नवरा!

मी उठून गेले. लेबल शेवटी त्यानंच लावलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

दिवसभर भांडले. आप्पा म्हणतात, "सकाळी सांगतो." एवढी एक रात्र देते.

बेल्ह्याचे माझे वडील, नाना, त्यांनीही तिसऱ्या शेडचेच ट्रे नेलेत. फोन हातात घेतला. ठेवला. लेक म्हणून त्यांना एकट्याला सांगू आणि बाकीच्यांना लावू देऊ? जमणार नाही. कळेल तेव्हा सगळ्यांना एकदम कळेल. जीव तुटतोय, तरी.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आप्पांचं उत्तर — "नाव जाईल आपलं. न्हाई म्हंजे न्हाई."

बरं!

'गोपनीय' काढायला गेलं की चौकट येते — कारण लिहा. लिहिलं: रोपं लोकांच्या रानात आहेत. 'सर्वांसाठी' केलं आणि शेतकऱ्यांच्या जागेत टाकलं. वर लिहिलं, लावली असतील तर उपटून जाळा, नवी रोपं आम्ही देऊ. खाली माझं नाव, श्रेया. कुणाला विचारलं नाही.

अमृत धावतच आला. "काढ ते! तुला अधिकार कुणी दिला?"

तूच दिलास. किचकट काम म्हणून माझ्या गळ्यात घातलं होतंस ना!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

घरात कुणी बोलत नाही माझ्याशी. भाकरी मात्र माझ्या हातच्या चालतात.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आमचे गिऱ्हाईक गेणभाऊ मोटारसायकलवर रिकामे ट्रे घेऊन आले. मंगळवारी सकाळी रोपं नेली, बुधवारी लावली. दोन एकर. सगळी उपटली. मला वाटलं शिव्या घालतील. म्हणाले, "लई वाईट झालं पोरी. पण सांगितलंस, बरं केलंस."

मग ट्रे उतरवता उतरवता, "माहेरी आधी कळवलं आसशील?"

"नाही गेणभाऊ. तुम्हाला कळलं तेव्हाच त्यांना."

त्यांनी मान डोलावली. आप्पा ओसरीवर ऐकत होते. ऐकू देत! या घरात ताठ मानेनं बोलायला एक तरी माणूस आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

नानांना फोन करायला आज धीर झाला. रोपं उपटली का, विचारलं.

"लावलीच नाय गं. जावयांचा फोन आला व्हता की, मंगळवारी सांजच्यालाच. कुनाला बोलू नका म्हनले. तूच सांगायला लावलं आसशील म्हनून मी बी गप ऱ्हायलो."

मंगळवारी संध्याकाळी! गेणभाऊंच्या रानात तेव्हा एक रोप लागलेलं नव्हतं.

अमृतला वाटलं असेल, माझ्यावर उपकार केले. उद्या सकाळी गेणभाऊंच्या दारात जाऊन हे मी सांगणार आहे. त्यालाही सोबत नेणार.