घरात आणखी कोणाला?

सोलापूर,
११ जानेवारी २०२६

चि. मायाक्कास,
जोतीरामदादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. गड्ड्याची यात्रा तोंडावर आली, होम मैदानावर पाळणे उभे राहिलेत. तुझी वहिनी भोगीच्या तयारीला लागली आहे. लॅबमध्ये सर्दी-तापाचे पेशंट वाढलेत. आईचे गुडघे कसे आहेत? तिळगूळ वेगळा पाठवतो.

सात वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. वळसंगला आईला भेटायला येतो आणि ओट्यावरूनच परत फिरतो, हे तू आतल्या खोलीतून ऐकत असशीलच. फोन करणार होतो. पण उत्कर्षा म्हणाली, "आत्या फोनवर दहा मिनिटं बोलली तरी दुसऱ्या दिवशी तिला उठवत नाही. लिहा, थोडं थोडं वाचेल." म्हणून लिहितो आहे. दमलीस की बाजूला ठेव.

तुमचं दोघींचं मोबाइलवर निरोप धाडणं मे महिन्यापासून चाललंय, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. रागावलो नाही. कसं कळलं ते सांगतो.

पोरीच्या आजाराची माझ्या बाजूची हकिकत तुला ठाऊक नसेल. अकरावीत तिला डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट वाढल्या, मी पेढे वाटले. आठ दिवसांनी ती कॉलेजचे दोन जिने चढली आणि त्यानंतर तीन दिवस तिला मान उचलता आली नाही. खो-खोच्या संघातली पोर माझी. मी स्वतः तिचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-बारा, सगळं नॉर्मल. मशीनवर शंका घेतली, परत तपासलं. शेवटी दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथूनही नॉर्मलच.

तो कागद हातात धरून तिच्या खाटेपाशी उभा होतो. ती म्हणाली, "पप्पा, काही निघालं का?" आणि माझ्या तोंडात एक वाक्य आलं. ते मी गिळलं. कोणतं वाक्य, ते पुढे लिहितो.

पुढचं वर्षभर डॉक्टरांच्या दारोदार हिंडण्यात गेलं. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, न सरणाऱ्या थकव्याचा आजार. मी म्हणालो, "मॅडम, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत." त्या म्हणाल्या, "तुम्ही जे मोजलंत त्यात आजार सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजार नाही असा नव्हे." पंचवीस वर्षं मी रक्त तपासतोय, माया. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझं मलाही कळलं नव्हतं.

त्यांनीच सांगितलं, परदेशात पंधरा हजारांवर रुग्णांची लाळ तपासली आणि निरोगी माणसांशी ताडून पाहिली. जनुकांमध्ये आठ ठिकाणी फरक दिसला. काही ठिकाणं शरीर तापाशी, जंतूंशी कसं लढतं त्याच्याशी निगडित, काही मज्जासंस्थेशी. त्यावरून अजून कुणाचं निदान होत नाही, औषध तर लांबच. खोटी आशा दाखवायची नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. पण याचं मूळ शरीरात आहे, मनाच्या आळसात नाही, एवढं मी आता कुणासमोरही छातीठोकपणे सांगू शकतो.

पुण्यातच एका संस्थेत असा अभ्यास सुरू आहे. उत्कर्षानं लाळ द्यायचं ठरवलं. फॉर्म मी भरत होतो, ती बाकावर आडवी झाली होती. एक प्रश्न होता, "घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?" मी लिहिलं, नाही.

ती म्हणाली, "दाखवा." वाचलं. उठून बसली, माझ्या हातातलं पेन घेतलं, 'नाही' खोडलं आणि लिहिलं, आत्या.

मी म्हणालो, "तिचं वेगळं आहे." तिनं मोबाइल काढला आणि तुझा आवाज ऐकवला. "उतू, आंगोळ बसून कर की. केस धुवायचा दिस येगळा ठेव. बरं वाटाय लागलं म्हणून पळायचं न्हाय. बरं वाटतंय तवाच थांबायचं, मंजी उद्या उठता येतं." असे कितीतरी. कोणतं काम कधी सोडायचं, उजेड सहन होत नसेल तर काय करायचं, लोक हसले तर काय म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी जे मागाहून सांगितलं, ते तू आठ महिने पोरीला सांगत होतीस. आणि त्या सगळ्यात माझ्याविरुद्ध एक शब्द नव्हता. मी शोधला. नव्हता.

उत्कर्षा फेब्रुवारीत बारावीची परीक्षा देणार आहे. आधी तीन विषय, उरलेले पुढच्या खेपेला. कुणाच्या सांगण्यावरून, ते आता कळतंय.

आता ते वाक्य.

सात वर्षांपूर्वी तुझ्या चिकुनगुन्यानंतर कुमारराव तुला सासरहून माझ्याकडे घेऊन आले होते. रक्त मीच काढलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "पाव्हणं, खरं सांगा. काय हाय हिला?" मी म्हणालो, "रक्तात काही नाही. पहिल्यापासूनच कामाचा कंटाळा आहे तिला. मेंढरांमागंसुद्धा जायची नाही." तेच पोरीच्या खाटेपाशी माझ्या तोंडात आलं होतं.

रक्तात काही नाही, ही चूक होती. बाकीचं खोटं होतं. आपल्या तात्यांच्या कळपामागं बार्शीपर्यंत चालत जाणारी तू होतीस. पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन तू चालायचीस आणि मी गावात राहून शाळा शिकायचो. हे मला ठाऊक असताना मी तसं बोललो. का? मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. शिकलेला माणूस म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला काहीतरी ठाम सांगायचं होतं.

महिन्याभरात त्यांनी तुला वळसंगला माहेरी आणून सोडलं. तुझी सहा वर्षांची पूनम तिकडेच ठेवून घेतली. लोकांना वाटलं, सख्खा भाऊच म्हणतोय.

मागच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. उजनीच्या पाण्यावर मोटर लावत होते. तिथेच सांगितलं, सगळं, पूनमच्या देखत. कुमाररावांनी हात पुसले. मग म्हणाले, "तुमी बोलला त्ये बोलला. पर बायको माझी हुती. तिला इचारायचं सोडून तुमाला इचारलं, ही चूक माजी."  मी निघताना पूनमनं तुझा नंबर मागून घेतला.

संस्थेला नात्यातल्या आजारी माणसाचीही लाळ उपयोगी पडते. द्यायची की नाही, ते तुझं तू ठरव. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मी तुझ्यावर खोटं बोललो आणि तुझा संसार मोडला. त्याची माफी मागतो.

उत्तराची घाई नाही.

तुझा अपराधी भाऊ,
जोतीराम


वळसंग,
२ फेब्रुवारी

जोतीरामदादास,
मायाक्काचा नमस्कार.

पत्र पोचलं. वाचाय तीन दिस लागले. ह्ये बी चार दिसांत लिव्हतीया, अक्षर वाकडं झालं तर समजून घे. आई बरी हाय. तिळगूळ तिनंच संपवला.

पूनम आली. एकटी, यष्टीनं. माझ्याएवढी उंच झालीया. मला वाटलं, आता इचारंल, तू का गेलीस, तू का आली न्हाईस. तिनं तर चप्पल काढली आन् माझ्या शेजारी येऊन पडली. दोन दिस तशीच ऱ्हायली. जाताना म्हणाली, "आई, परत येते, तू उठू नको." सात वर्सांत मला उठू नको म्हणणारं तीच पयलं माणूस.

लाळ दिली मी. पुण्याच्या संस्थेतल्या बाई घरी येऊन नळीत घेऊन गेल्या. तू नळी घेऊन आला असतास तर दिली नसती. तुझ्या हाताचा रिपोट मला आता नको. ह्ये रागानं न्हाय, सरळ सांगती. त्या बाईंनी लई बारीक इचारलं, कधीपास्नं, कशानं वाढतं, किती येळ उभं ऱ्हाता येतं. मी सांगत ऱ्हायले आन् त्या लिव्हत ऱ्हायल्या. माझं बोलणं कुणी लिव्हून घेतंय ह्येचंच लई बरं वाटलं. त्या म्हणाल्या, ह्येचा उपेग तुमाला होईल का सांगता येत न्हाय, पुढच्यांना होईल. मी म्हटलं, पुढच्यांत आमची उतू हाय, पूनम हाय. घ्या.

तू कुमाररावांना जाऊन सांगितलंस, ते बरं केलंस. ते तुझंच काम हुतं, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

माफीचं वाचलं. दादा, माफ करायलाबी अंगात बळ लागतं. माझ्याकडं दिसाला थोडंच असतं, आन् ते सध्या मी पूनमसाठी राखून ठिवलंय. उरलं तर बघीन. उरणार न्हाय असं म्हणत न्हाय.

उतूला सांग, परीक्षेच्या आदल्या दिशी अभ्यास करायचा न्हाय, नुसतं पडायचं. पेपर झाल्यावर घरी चालत यायचं न्हाय. तू गाडी घेऊन दारात उभा ऱ्हा.

उतूची आत्या,
मायाक्का