लाल दिवा लागला तरी

अण्णा, मामांनी बोटीवरून आणलेला तो जपानी कॅमेरा तुम्ही कधी हातातसुद्धा घेतला नाहीत. त्याच कंपनीचा जुना कॅमेरा मामांकडे आधीपासून होता. त्याच्या भिंगाभोवती काचेच्या मण्यांसारखं कडं होतं, त्यावर ऊन पडलं की आतला उजेड मोजणारा काटा हलायचा, सेल लागायचा नाही. मला दिला तो पुढचा, सेलवर चालणारा. भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते मी ठरवायचं, पडदा किती वेगानं मिटायचा ते त्यानं. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर लाल. डोळ्याला लावला की समोरचा चेहरा दुहेरी दिसायचा, कडं फिरवून दोन्ही एकावर एक आणले की फोकस. हौसेनं हे सगळं दाखवायला मी नगरच्या आपल्या स्टुडिओत आले, तर गिऱ्हाइकासमोर तुम्ही आपल्या लेकीला म्हणालात, "दिव्यानं सांगायचं आणि तू दाबायचं. यात तुझं काय?" मी वीस वर्षांची होते. त्या वाक्याबद्दल तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

दुष्काळातला दुसरा उन्हाळा. मी खर्ड्याला आत्याकडे आलेय. रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडतायत, त्यांची लेकरं बाभळीच्या विरळ सावलीत निजवलेली. मुलांसाठी मांडव घातलाय, असं मुकादमानं वर कळवून टाकलेलं. एक बाई हातोडा खाली ठेवून माझ्याजवळ येते. "फोटू काढा बाई. मांडव हाय म्हनतोय त्यो. कुटं हाय, दावा सायबाला." मी तिच्या बाळासमोर बसते, कॅमेरा डोळ्याला लावते. मागच्या आकाशाच्या उजेडानं लाल दिवा लागतो. छिद्र लहान केलं तर तो विझेल, पण बाळाचा चेहरा काळाठिक्कर येईल. मी छिद्र तसंच ठेवते आणि दाबते. मुकादम धावत येऊन रोल मागतो, तेव्हा बायका माझ्याभोवती उभ्या राहतात. रोल माझ्याजवळच राहतो.

तुम्ही डार्करूमची किल्ली दिली नाहीत, म्हणून पुण्याला जाऊन रोल धुवून आणला. प्रांतसाहेब पाहणीला आले त्या दिवशी मी त्यांच्या जीपसमोर उभी राहिले आणि फोटो हातात दिला. त्यांनी तो पाहिला आणि मुकादमाला मांडव कुठे आहे ते विचारलं. आठवड्याच्या आत तट्ट्यांचा मांडव उभा राहिला, खाली पाण्याचे दोन रांजण.

तुम्ही तो फोटो पाहून एवढंच म्हणालात, "आकाश पार जळून पांढरं झालंय." मी म्हणाले, "जळू दे. लाल दिवा लागला होता, तरी दाबलं. हे माझं." तुम्ही गिऱ्हाइकाची कॉलर नीट करायला वळलात. आजही मी तेच म्हणेन, आवाज न उतरवता.

पुढे त्या कंपनीनं काळ्या रंगाचे कॅमेरे काढले, मग छोटे, आणि शेवटी फोकससुद्धा आपणच करणारे प्लॅस्टिकचे आले तशी ती जातच बंद पडली. माझ्या कॅमेऱ्याचा सेल आता मिळत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, शोकेसमध्ये ठेवा. मी दुसरे सेल कागदात गुंडाळून बसवते आणि फोटो काढते.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. एवढंच कबूल करते, की सावलीतल्या चेहऱ्याला आकाशाच्या उजेडाचं माप लावायचं नसतं, हे मी स्टुडिओच्या पडद्यामागे अभ्यासाला बसायचे तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणालातरी सांगत होतात. मी ते ऐकलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही.