बांधावरची मोटार

१ जानेवारी २००७
खताच्या दुकानातून डायरी फुकट मिळाली. रोज लिहायचं. संकल्प तीन. एक, १ मे रोजी 'भिमाजी कृषी पर्यटन केंद्र' चालू. पिंपरी पेंढारमधला पहिला स्विमिंग पूल माझा. दोन, आवाज चढवायचा नाही. तीन, गोरखशी बोलायचं नाही. गोरख माझा सख्खा धाकटा भाऊ. तोंडी वाटण्या होऊन नऊ वर्षं झाली. त्याचं शेत बांधापलीकडे, नवीन घरही बांधाला लागूनच. तिसरा संकल्प सोपा आहे. नऊ वर्षं तो चालूच आहे.

५ जानेवारी
पूलचा खड्डा झाला. पंचवीस बाय बारा. जेसीबीवाला म्हणत होता, आप्पा, बांधापासून जरा लांब घ्या. मी आठ फुटांवरच घेतला. जमीन आपली, कडेपर्यंत वापरणार. गोरख ओट्यावर उभा राहून बघत होता. पोटात दुखत असणार.

१९ जानेवारी, दुपारी
मोटार कुठे बसवायची यावर मीटिंग. हजर मी, बायको शीला आणि आळेफाट्याचा मेकॅनिक सूरज.
सूरजचं म्हणणं, "आप्पा, पूलचं पानी फिरवून गाळणारी मोटार पाण्याच्या लेव्हलखाली पायजे. गोठ्याकडं उतार हाय, तिथं बसवा. पाणी आपसूक येतंय." शीलाने लगेच मान डोलावली. शीलाला मोटारीतलं काय कळतं?
मी तीस वर्षं विहिरीवर मोटारी बसवतोय. विहिरीत पाणी खाली असतं, मोटार वर असते, तरी ओढते. हा सूरज कालचा पोरगा. तो म्हणाला, हिरीच्या मोटारीला तळाला पानी धरून ठेवणारा फुटव्हॉल असतो, ही मोटार येगळी. मी विषय बंद केला.
निर्णय: मोटार बांधावर. जागा उंच, कोरडी, हवेशीर. समोर बारा फुटांवर गोरखच्या घराची खिडकी येते. तो योगायोग.

२ फेब्रुवारी
पूलचं प्लास्टर होऊन पाणी भरलं. मोटारीची खोलीही तयार. चार भिंती, वर पत्रा. पत्र्यामुळे आवाज घुमतो असं शीला म्हणाली. मी म्हटलं, घुमू दे, आपल्या बाजूला नाही घुमत. संध्याकाळी सहाला लाइट आली, बटण दाबलं. काय आवाज! गोरखची खिडकी उघडली आणि धाडकन बंद झाली. दहा-अकरा मिनिटं मजेत गेली. मग मोटार नुसतीच ओरडायला लागली, पाणी बंद. एअर धरली, म्हणजे पाइपात हवा शिरली. पाइप कंपनीचा दोष.

३ फेब्रुवारी
पुन्हा एअर. आठ बादल्या पाणी ओतून मोटार चालू केली. बादल्या शीलाने ओतल्या, मी सूचना दिल्या. सूरजला फोन केला. म्हणाला, "तुमालाच सगळं समजतंय, मग मला कशाला इचारता, राव." आणि फोन ठेवला. आजकाल कारागिरांना मोठ्या माणसाशी बोलायची रीत राहिली नाही.

६ फेब्रुवारी
गोरखची तेजस्विनी आली होती. यंदा दहावीला आहे. ती खिडकी तिच्या अभ्यासाची निघाली. लोडशेडिंगमुळे लाइट संध्याकाळी सहा ते नऊ. तेवढ्यातच माझी मोटार चालते, तेवढ्यातच तिचा अभ्यास. म्हणाली, "आप्पा, पेपर व्हईस्तोवर संध्याकाळची बंद ठेवा ना. गणितातलं कायच डोक्यात जाईना."
पोरगी गुणी. लहानपणी माझ्याच ताटात जेवायची. मी प्रेमाने समजावलं की मन एकाग्र असेल तर माणूस आठवडे बाजारात बसूनही अभ्यास करतो. ती परत गेली. गोरखनेच पाठवली असणार. स्वतःला तोंड नाही म्हणून पोरीला पुढे करतो.
तत्त्वाचा प्रश्न म्हणून आज नऊपर्यंत मोटार चालवली. आठनंतर पाणी ओढत नव्हती, तरी चालवली.

७ फेब्रुवारी
मोटारीचं सील जळालं. हल्ली मालच हलका येतो.

१२ फेब्रुवारी
नवीन सील घातलं. आणि आज गोरख बोलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बांधावर येऊन म्हणाला, "दादा, मोटार माझ्या हद्दीत हाय. बांध व्हता तिथं ऱ्हायलेला न्हाई. दरसाली तू खातोयस." मी संकल्प मोडला नाही. बैलाकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं की बांध होता तिथंच आहे, ज्याला शंका असेल त्याने मोजून घ्यावं. दुसरा संकल्प तेवढा मोडला.
बांध खाणं म्हणे! वर्षातून दोनदा नांगरट होते. ट्रॅक्टरवाल्याला मी एवढंच सांगतो की बांध जरा सरळ करून घे. एका खेपेला नांगराची एखादी रेघ इकडची तिकडे होते. तालुक्यात सगळेच करतात. याला नीटनेटकेपणा म्हणतात.

१३ फेब्रुवारी
सकाळच्या गाडीने जुन्नर. मोजणी ऑफिसात अर्ज दिला, तोही तातडीचा. तिथला क्लार्क म्हणाला, विचार करून द्या, एकदा हद्दीच्या खुणा पडल्या की दोघांनाही मानाव्या लागतात. मी म्हटलं, तेच तर पाहिजे. साऱ्या गावासमोर गोरखचं नाक कापलं जाणार. येताना भेळ खाल्ली.

९ मार्च
तेजस्विनीचे पेपर चालू झाले. ती कांदा साठवायच्या चाळीत कंदील घेऊन अभ्यासाला बसते असं कळलं. शीला तिला चहा देऊन येते असंही कळलं. घरातच फितुरी. शीलाला जाब विचारला, तर म्हणाली, "तुमची मोटार पानी तरी वढती का? मग कुनासाठी चालवताय?" प्रश्नाचा रोख आवडला नाही. दोन दिवस तिच्याशीही बोलायचं नाही असं ठरवलं आहे.
पूलचं पाणी किंचित हिरवं दिसतंय. उन्हाचा परिणाम.

२८ मार्च
बेडूक आले. पुण्याच्या लोकांना निसर्ग आवडतो.

५ एप्रिल
पहिलं बुकिंग! पुण्याचं एक कुटुंब, नऊ माणसं, १ मे, सकाळी दहा. फोनवर विचारलं, पूल आहे ना? मी म्हटलं, आहे म्हणजे काय. शीलाला सांगितलं. तिने विचारलं, पाणी? मी म्हटलं, मोजणी होऊ दे, मग सगळं साफ होईल.

१६ एप्रिल
मोजणी. मुद्दाम सविस्तर लिहितोय.
सगळा गाव जमला. मीच सांगावा धाडला होता. मोजणीवाल्यांना चहा, पोहे. निकालानंतर वाटायला आळेफाट्याहून पेढे आणून ठेवले. गोरख हाताची घडी घालून उभा. मी त्याच्याकडे बघून हसलोसुद्धा.
त्यांनी टेबल लावलं, नकाशा पसरला, साखळी ओढली. पहिली खूण रस्त्याकडेला पडली, ती जरा माझ्या बाजूला वाटली. दुसऱ्या खुणेकडे येताना मोजणीदार मोटारीच्या खोलीशी थांबला नाही. पुढे चालत आला. मी म्हटलं, साहेब, जास्त पुढे आलात. त्याने मान वर केली नाही. तो पूलच्या काठावर आला आणि त्याच्या माणसाला म्हणाला, दोरी धर. दोरी पाण्यावरून गेली. पंचवीस फूट लांबीभर, काठापासून तीन फूट आत.
बांध अकरा फूट सरकलेला निघाला. मोटारीची खोली अख्खी गोरखची. पूलचा तीन फुटांचा पट्टा गोरखचा. मी पुन्हा मोजायला लावलं. सव्वाअकरा भरलं. तिसऱ्यांदा सांगणार होतो, तर शीलाने बाही ओढली.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. म्हातारा बहिरू फक्त म्हणाला, "नऊ सालांत अकरा फूट, लई कष्ट केलं भिमाजीनं." पेढे लोकांनी खाल्ले. गोरखनेही एक घेतला.

१८ एप्रिल
अपील करणार. नकाशाच चुकीचा असू शकतो.
नवीन अडचण. पूलमध्ये उतरायच्या पायऱ्या त्याच्या तीन फुटांत आहेत. म्हणजे माझ्या पूलमध्ये उतरायचं तर गोरखच्या जमिनीवरून. मोटारीच्या खोलीला त्याने कुलूप लावलं. शीलाबरोबर निरोप, "मोटार पावसाळ्यानंतर हलवा, घाई न्हाई. चावी तेजूकडं ऱ्हाईल. पर न्यायला दादानं सोता यायचं." हे माझ्याकडून होणार नाही. डायरीत लिहून ठेवतो.

२६ एप्रिल
शीलाने परस्पर सूरजला बोलावलं. त्याने बांधावर गोरखकडून कुलूप उघडून घेतलं, पाइप बदलला, एक व्हॉल्व्ह टाकला. आता एअर धरणार नाही म्हणाला, पण लाइट असेल तेवढे तीन तास रोज चालवा, तर पाच-सहा दिवसांत पाणी निवळंल. मी शीलाला चावीला पाठवलं. रिकाम्या हाताने परत आली. गोरख म्हणे, निरोप एकदाच सांगितलाय.
गेलो नाही. पाहुणे यायला अजून वेळ आहे.

३० एप्रिल
गेलो नाही. पाणी तसं वाईट नाही. गडद आहे.

१ मे, संध्याकाळी
आजपासून लाइटची पाळी सकाळी सात ते दहा, म्हणून सकाळी साडेसहालाच गेलो. बाहेरूनच हाक मारायची, चावी घ्यायची, वळायचं, असं ठरवलं होतं. एक वाक्यही पाठ केलं होतं. हाक मारली तर कुणी बाहेर आलं नाही. मग ओट्यावर चढलो. गोरख पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "तेजू आंघोळीला गेलीय. बस आत."
आत म्हणजे तीच खोली. टेबलावर गणिताची पुस्तकं अजून तशीच. खिडकीच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या. पुस्तकांशेजारी एका वाटीत कापसाचे बोळे होते, कानात घालून घालून पिवळे पडलेले. खिडकीतून माझी मोटार समोरच दिसत होती, हात लांब केला तर लागेल अशी. मला लाज वाटली. हे इथे लिहितोय, कुणाला सांगणार नाही. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही. भावजयीने चहा आणून ठेवला. चहा घेतला.
तेजस्विनी ओले केस पुसत आली. मी विचारलं, गणिताचा पेपर कसा गेला. म्हणाली, "गेला तसाच." चावी हातावर ठेवली आणि म्हणाली, "एक तास, आप्पा. मग आणून द्या."
मोटार चांगली चालली. एका तासात पाणी काय निवळणार. पाहुणे साडेदहाला आले, काठावर उभे राहिले, आपसात इंग्रजीत काहीतरी बोलले आणि माळशेजकडे निघून गेले. पोरांनी बेडकांचे फोटो काढले.
चावी तासाच्या आत परत देऊन आलो होतो.