यादीतलं 'नको म्हणाल्या'

विल्मर,

जपमाळ पुरी होईपर्यंत कुणाला कडू बोलायचं नाही हा माझा नेम, म्हणून लिहून ठेवते. जुनं नेटवर्क बंद व्हायच्या आत म्हाताऱ्यांना घरोघरी नवे फोन नेऊन द्यायचे, एवढंच तुझं काम. तू खाटेवर लोळत यादीत सगळ्यांच्या नावापुढे 'नको म्हणाल्या' लिहिलंस. खोटं लिहायलासुद्धा उठून बसला नाहीस!

शेजारच्या दोन्या हर्मेलिंदाआजीचा फोन शुक्रवारी बंद पडला. काल रविवार, चिलीतल्या लेकाचा फोन येईल म्हणून ती दिवसभर तो हातात धरून बसली. आता रडतेय, "पोरगा विसरला गं मला."

तुझ्या खाटेखालचा नव्या फोनांचा खोका घेऊन मी तिच्याकडे गेलेय. अरेपा झाकून ठेवल्यात. आधी खा, तेवढं तुझं कधी चुकत नाही. मग ये, आणि लेक विसरला नव्हता हे तिला तुझ्या तोंडाने सांग.

ओतिलियाताई