गोलकीपरविषयी एक वाक्य

शुक्र. ९ जाने. ८७
कंपनीची साप्ताहिक सुट्टी. आमच्या टीमची फुटबॉल मॅच. ०-३. सलग चौथी हार. कंपनीचे मालक, शेठ, मुंबईहून आलेले. रेषेपाशी खुर्ची, हातात भोंगा. "मागे या" म्हणून ओरडले. पोरं मागे आली की, "पुढे कोण जाणार?" शेठचा भाचा पुन्हा सेंटर फॉरवर्ड. त्याची पेनल्टी कुंपणाबाहेर. बघायला आलेले कुंभवली गावचे लोक आधी हसले, मग हसायचेही थांबले. ते जास्त वाईट वाटलं. नव्या जर्सीचा रंग घामाने उतरतो, सगळ्यांच्या माना जांभळ्या. रंग आमच्याच कंपनीचा. लॅबमध्ये पास मीच केलेला.
मीही "भोंगा बंद करा" ओरडलो. गर्दीत होतो म्हणून. एकटा असतो तर?

रवि. ११
संध्याकाळी आमचा संखे फिटर पाम गावच्या सहा कामगारांना घेऊन घरी आला. शेठना पत्र लिहायचं. भोंगा नको, भाचा नको, टीम कॅप्टनने निवडावी. खाली नुसतं 'समस्त प्रेक्षक'. माझं मराठी चांगलं म्हणून मी लिहायचं.
तीनदा लिहिलं. सगळा दोष शेठवर टाकणं एकतर्फी वाटलं. म्हणून एक वाक्य घातलं: गोलकीपरकडूनही जमिनीलगतचे चेंडू सुटतात.
संखे : "ह्ये कशाला, सायेब?"
"खरं आहे म्हणून."
"खरं आसंल. पन मोरेश्वर आपला हाय."
मोरेश्वर तांडेल, तारापूरच्या मच्छीमार वस्तीतला. गोलकीपर म्हणूनच त्याला पॅकिंगमध्ये टेंपररी घेतलंय. पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचा आहे.
वाक्य ठेवलं.

मंगळ. १३
पत्र पालघरच्या टायपिंग क्लासमधून टाइप करून आणलं. बोईसरला केलं असतं तर लगेच कळलं असतं. गेटजवळच्या सूचनापेटीत टाकलं. टाकताना मागे वळून पाहिलं. खरं लिहिणाऱ्याने मागे का पाहावं?

शुक्र. १६
शेठ भोंग्याशिवाय आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मग टीम मैदानात आली. भाचा होताच. गोलमध्ये मात्र डिस्पॅचचा एक नवा माणूस, आणि मोरेश्वर फुलपँट घालून बाहेर बसलेला. १-४.
शेठ मॅनेजरला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं : "पब्लिकची मागणी होती. आपण मानली."
संखेने माझ्याकडे पाहिलंही नाही.

शनि. १७
मोरेश्वरला आज ब्रेक दिला, म्हणजे काढलंच. गेटवरच कार्ड काढून घेतलं. टाइमकीपर सांगत होता, "गोलकीपर म्हणून घेतला होता. आता गोलकीपर नाही, तर ठेवायचा कशाला? प्रेक्षकांचंच पत्र आहे." पर्मनंट व्हायचं राहिलंच.


रवि. १८
ड्यूटी संपल्यावर तारापूरला, मोरेश्वरकडे. त्याची आई वाळलेले बोंबील उतरवत होती. "बसा सायेब, वास येल." बसलो. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो.
तोच म्हणाला, "लिवणारा खेळलेला नाय, सायेब. खालचा बॉल आडवाला जमीन सपाट पायजे. आपल्या गोलासमोर टँकरची चाकोरी हाय. बॉल तितं येऊन उडतो."
"कोणाला सांगितलंस का?"
"कोनाला सांगू? शेठ खुर्चीतना उठत नाय."
चहा प्यायलो. उठलो. सांगितलं नाही.

सोम. १९
जेवणाच्या सुट्टीत मैदानावर गेलो. एकटाच. गोलासमोर बोटभर खोल चाकोरी, आडवी. चेंडू नव्हता, मोसंबं गडगडवलं. दहा वेळा. सात वेळा उडालं.
लॅबमध्ये दोनदा तपासल्याशिवाय एक आकडा लिहीत नाही. आणि माणसाबद्दल लिहिताना…

बुध. २१
संखे म्हणतो, गप्प राहा. "तुमचं नाव कळलं की शेठ आमची काढील. आमी बी टेंपररीच हाव, सायेब. तुमाला काय, तुमी लॅबवाले."
रात्री बायकोला, कुमुदला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "एवढं खरं होतं, तर सही का नाही केलीस?"  

शुक्र. २३
मॅचआधी शेठनी बोलावून घेतलं. बोर्डावर लावायला चार ओळी हव्यात : प्रेक्षकांच्या सूचनेवरून गोलकीपर बदलला, सूचनेबद्दल आभार. "राऊत, तुमचं मराठी चांगलं."
म्हटलं, "आधी गोलासमोरची चाकोरी बघायला चला. चूक तांडेलची नाही. जमिनीची आहे."
"तुम्ही खेळता?"
"नाही. पण ते पत्र मी लिहिलं."
शेठ रागावले नाहीत. त्याचीच भीती वाटली. पेनचं टोपण लावलं, म्हणाले, "एकट्याने नाही लिहिलं. बरोबर कोण कोण होतं? नावं द्या. तांडेलला सोमवारी कामावर घेतो, पर्मनंटही करतो. उद्या दहाला या."
"नावं नाही दिली तर?"
"तर तुमचं एकट्याचं पत्र. त्याच्यावरून मी माणूस कशाला परत घेऊ?"
मॅच पाहिली नाही. हरलो, असं रस्त्यात कळलं.
सात घरं. त्यांतली चार माणसं टेंपररी. आणि एक मोरेश्वर. बेरीज-वजाबाकी करत बसलो, मग लाज वाटली.
कुमुद म्हणाली, "कुठे?"
"पामला. संखेला आणि बाकीच्यांना विचारून येतो."
काय विचारणार, ते सायकल बाहेर काढली तरी ठरलेलं नाही. नावं देऊ का, असं विचारायचं? की तुम्हीच येता का माझ्याबरोबर शेठकडे, उद्या दहाला?